क्लॉडियसची तीन अक्षरं

एकतीस वर्षं इतिहास शिकवला रामबागेजवळच्या शाळेत
आणि 'पुरातत्त्व' हा शब्द एका दमात कधी म्हणता आला नाही.
'प'शी अडतो मी. ओठ मिटतात ते मिटतातच.
मागच्या बाकावरचं कुणीतरी तो शब्द पुरा करून द्यायचं,
चढावर दुसऱ्याची सायकल ढकलावी तसं.
त्यात आडनाव पिंगळे.

क्रमिक पुस्तकात रोम दीड पानाचं.
सीझर, ऑगस्टस, मग एकदम पडझड.
क्लॉडियस मला भेटला जेल रोडच्या रद्दीवाल्याकडे,
वाळवीनं कड खाल्लेल्या एका तळटीपेत:
लंगडा, तोतरा, रागावला की तोंडाला फेस,
सख्खी आई म्हणायची, निसर्गानं हा करायला घेतला
आणि अर्ध्यावर सोडून दिला.
मी तिथंच गठ्ठ्यावर बसलो.

घरातले राजबिंडे एकेक करून संपले.
याला कुणी मारलं नाही. मारण्याजोगा वाटलाच नाही कुणाला.
हा लिहीत बसला, इट्रुस्कन लोकांचा इतिहास, वीस खंड.
(त्यातलं एक पानही उरलेलं नाही.)

पुतण्याचा खून झाला त्या दिवशी
हा पडद्याआड लपला. खालून पाय दिसले.
शिपायानं ओढून काढला, यानं त्याचे गुडघे धरले,
आणि शिपाई म्हणाला, सम्राटांचा विजय असो.
पडदा, पाय: दोन्हींना 'प'.
म्हणून मी फळ्यावर चित्र काढायचो.
एक रेघ, तिच्याखाली दहा बोटं.
पोरांना तेवढं कळायचं.

तेरा वर्षं राज्य केलं.
समुद्रात बंदर बांधलं. डोंगरातलं पाणी
कमानींवरून रोममध्ये आणून सोडलं,
नर्मदा आमच्या नळाला येते तसं, लांबून, दमून.
आजारी म्हणून मालकांनी बेटावर टाकलेले गुलाम
बरे झाले तर मोकळे, असा हुकूम काढला.
पस्तीस सिनेटरांचे जीवही घेतले.
ते पान मी वर्गात घाईनं उलटायचो. आज कबूल करतो.

मशरूम खाऊन गेला म्हणतात. बायकोनं घातलं म्हणतात.
लग्नात बुफेपाशी मी मशरूम-मटर ओलांडून पुढे जातो,
मृदुला मागून म्हणते, मी नाही हो केलेलं.

पण मला राहून राहून आठवतात ती तीन अक्षरं.
लॅटिनला तीन अक्षरं कमी पडतात, असं त्याचं म्हणणं.
ज्याला बोलताना अक्षर सापडत नाही
त्यालाच कमी पडलेलं ऐकू येत असणार.
सम्राट झाल्यावर त्यानं ती वर्णमालेत घातली.
तो गेला, लोकांनी लिहायची सोडली.
काही दगडांवर तेवढी राहिली.

बँकेच्या पासबुकात मी पिंगले.
विजेच्या बिलात पिंगले, मतदार यादीत पिंगले.
पेन्शनच्या कागदावर एकदा हातानं दुरुस्त केलं
तर कागदच परत आला.
नात म्हणते, आबा, तुम्ही कशाला त्रास करून राहिले?
तिच्या जिभेलाही तो आता वळत नाही फारसा.

गेल्या महिन्यात अय्यूब पेंटरला बोलावलं, दारावरच्या पाटीसाठी.
कागद बघून त्यानं ब्रश कानावर ठेवला.
मास्साब, ये आठ को लिटा दूँ क्या?
लिटा दो, म्हटलं.
त्यानं इंग्रजी आठ आडवा केला, वर रेघ ओढली,
दोन पावलं मागं सरून बराच वेळ पाहिलं.

काल कुरिअरवाला पाटीपाशी थांबला.
अंकल, ये कौन सा अक्षर है?
मी तोंड उघडलं, आणि जीभ आपली आपण मागं वळली:
ळ.
ल?
नाही. ळ.
त्यानं दोनदा करून पाहिलं, हसला,
सहीसाठी पाकीट पुढं केलं.
वर छापलेलं होतं: पिंगले.