दोन बोटांची सांद

सीटखालचं इंजिन काढलं
तशी व्हॅन पुढून चार बोटं वर आली.
अठ्ठ्याण्णवची, वडनेरच्या एका फोटोवाल्याची.
तिच्या कप्प्यात अजून सापडतात
कुणाकुणाच्या लग्नाच्या निगेटिव्ह.

बत्तीस सेल. एकेक साडेपाच किलोचा,
म्हणजे पावणेदोन क्विंटल,
एवढं पोतं कुठं ठेवायचं?
मी पंपाच्या मोटरी भरणारा माणूस,
तांब्याची तार कुठं जळते ते वासावरून सांगतो.
सेलला वास नसतो.
आलाच, तर उशीर झालेला असतो.

आधी सगळे मागे ठेवले, डिक्कीत.
नाल्याच्या चढावर स्टिअरिंग एकदम हलकं,
पुढची चाकं रस्त्याला नुसती शिवत होती.
धुऱ्यावरून चंपतमामा ओरडले,
"उलार झाली बे गाडी!"

मामांनी तीस वर्षं बंडीनं सरकी वाहिली.
व्होल्ट त्यांना ठाऊक नाही.
वाकून खाली पाहिलं, म्हणाले,
"वझं आसावर पाह्यजे.
मांगं गेलं त बैलाचा गळा आवळते,
म्होरं आलं त मान मोडते."

म्हणून वीस सेल इंजिनच्या जागी,
बारा मागे, पेट्रोलची टाकी होती तिथं.
टाकी सोडताना तळचं चमचाभर पेट्रोल
हातावर सांडलं, गार लागलं,
आणि पुसायच्या आत उडून गेलं.

मग मे लागला.
कुत्री रांजणाखालच्या ओलीत पडून.
डांबर चप्पल सोडेना.
सेलसोबतच्या कागदावर लिहिलेलं,
पंचेचाळीसच्या वर चार्ज करू नये.
आमच्याकडे सावलीच सेहेचाळीस.

जुना कूलर फोडला. त्याचा पंप, त्याचा वाळा,
पेटीच्या तोंडाशी बसवला.
दोन दिवस गाडीला अत्तराचा वास,
चौथ्या दिवशी तांब्याच्या पट्ट्या कळकल्या.
ओल इथं चालत नाही. काढून टाकला.
आणि अकरा नंबर बावन्नवरच.
बाकीचे सत्तेचाळीस, हा एकटा बावन्न.
सेन्सर दोनदा बदलला. सेन्सर खरं बोलत होता.

बेबीनंदा अकरा हंगाम जिनिंगवर होती.
कापसाच्या गंजीत कोपरापर्यंत हात घालून
सांगायची, इथून उकला, आत तापून राह्यलं.
मुकादम हसायचा. एकदा हसला नाही,
त्या रात्री बंब आला होता.

मी फ्यूज काढला. तिनं बांगड्या काढल्या.
सेलांच्या मधोमध बोट घालून पाहिलं.
गेलं नाही.
"बोट जात नाही, त हवा कशी जाईन?"
मग जरा थांबून,
"कडचे वारा खाते. मंधातल्याचं कोनी पायत नाही."

ती पाच बहिणींत तिसरी.
हे मला तेव्हाच आठवलं,
पाना शोधत होतो म्हणून वर पाहिलं नाही.

सगळं पुन्हा उकललं. दर चार सेलांमागे
दोन बोटांची सांद,
माझी नाही, तिची बोटं मापाला.
मोटरीत घालतो त्याच फायबरच्या पट्ट्या,
खालून कोरडा पंखा, टपाला चुना,
आणि चार्जिंग पहाटे तीनला,
लाइन असली तर.
नसली, तर दोघंही जागे उगाच,
अंगणात, चार्जरच्या विझलेल्या दिव्याकडे पाहत.

परवा हिंगणघाटला गेलो, अडतीस किलोमीटर.
अकरा नंबर एक्केचाळीस. बाकीचे चाळीस.
एवढं एक डिग्रीचं काय ते राहिलं, राहू दे.
ती शेजारच्या सीटवर, चपला काढून,
तळवे पत्र्याला टेकवून.
चढ लागला तसा मी स्क्रीनकडे हात नेला.
"पाहू नको," ती म्हणाली. "थंडा हाय. चाल."

येताना मामा धुऱ्यावर भेटले.
गाडीभोवती एक फेरी मारली, वाकले,
आणि विचारलं, पोतं कुठं लपवलं?