रविवारचं वेळापत्रक

वीजबिलाच्या पाठीवर वडील लिहितायत:
भुसावळ सुटणं ७.१०, धक्का ७.५५,
नाश्त्याचा हॉल्ट वीस मिनिटं.
गार्डची नोकरी सुटली, सवय नाही.

झिपरू भोईचा फोन येऊन गेला:
"सहाच मानसं बसतीन, जाकिटं पाच हायेत."
आम्ही सात. शिवाय भरिताचं पातेलं.
हर्षाली म्हणते, मी काठावर थांबेन, मला मळमळतं.
खरंच मळमळतं का, कुणी विचारत नाही.
आई कळण्याच्या भाकरी मोजते
आणि दर वेळी वेगळा आकडा सांगते.

"पुलाखालून नेईन का तो?"
वडील मध्येच विचारतात.
चौतीस वर्षं तापी ओलांडली,
ब्रेकव्हॅनमधून, बहुतेक रात्रीच;
खाली काळोख, गर्डरांचा खडखडाट.
"पन पान्याले कधी हात नही लावला."

देवांग विचारतो, आपण खाली असताना
वरून गाडी आली तर?

पेन थांबतं.
मग ७.५५ खोडून ते ८.२० करतात.
"तेव्हा खंडवा पॅसेंजर असते.
खालून हिरवा रुमाल दाखवू.
गार्डाला दिसेल की नाही, सांगता येत नाही.
मी तर कधी खाली पाहिलंच नाही."