नऊच्या आत

दिवाळे कोळीवाड्याच्या जेट्टीवर पहाटे तीनला
हिराजी माझ्यासाठी लादी फोडतो.
"किती?"
"बारा किलो."
"आणि मासळी?"
"नको."
हल्ली तो बाकी काही विचारत नाही.
पोत्यात चुरा, पोतं सॅकमध्ये,
सॅक पाठीवर. आणि पाठ
क्षणभर विसरते की हा मे महिना आहे.

खारघरच्या शेवटच्या सेक्टरमागे,
जिथे दिवे संपतात आणि कुत्रीही,
तिथून नाळ सुरू होते.
श्रावणात हिच्यातून पाणी कोसळतं,
आता नुसता दगडांचा घसा, कोरडा.
स्कूटर लावते.
हेल्मेट काढून हेल्मेट घालते.
बरोबर कोणी नाही, म्हणजे दोर नाही.
दोर दोघांचा असतो.

नियम तेच, जे तिकडे वर होते:
अंधारात निघायचं,
रात्रीने कडक केलेल्या बर्फावरून
जाऊन यायचं, तो ढिला पडायच्या आत.
नऊ वाजले की जिथे असू तिथून मागे.
इथे कडक व्हायला काही नाही.
मुरूम आहे, वणव्याची राख,
करवंदीच्या जाळ्या.
तरी मी बुटाचं टोक आपटते,
एकदा, दोनदा,
मग वजन टाकते.
मुरूम धरत नाही. बर्फ धरायचा.
सकाळी सहापर्यंत तरी शब्द पाळायचा.

वर. खाली. पुन्हा वर.
दुसऱ्या फेरीत पाठ ओली.
घाम की बर्फ, कळेना,
जिभेवर दोन्ही खारट.
मागे वळून उजेड टाकला
तर खडकांवर थेंबांची ओळ,
माझ्या मागोमाग आलेली,
आणि खालून वाळतही आलेली.

गेल्या जूनमध्ये लाहौलात
अशीच एकटी होते, अशा उतारावर
ज्याला नाव नव्हतं, फक्त उंची.
माथा दिसत होता. इतका जवळ
की त्याच्यावरचा वारा दिसत होता,
भुरभुरत उडणारी पांढरी धूळ.
मग बूट घोट्यापर्यंत गेला.
पुढचा, पोटरीपर्यंत.
घड्याळात आठ पन्नास.
दहा मिनिटं बसले, खजूर खाल्ले, उतरले.
ऑफिसात सगळ्यांनी पेढे मागितले.
आणले.
कशाचे, ते कोणी विचारलं नाही.

तिसरी फेरी.
उजाडून केव्हाच गेलं. खाडीवर धुरकट ऊन,
पलीकडे उलव्याच्या बाजूला क्रेन
माना वाकड्या करून उभ्या.
नाळेच्या वरच्या अंगाला बारा फुटांचा कातळ आहे,
डावीकडे बोटभर पकड,
उजवीकडे काहीच नाही.
मी कुऱ्हाड काढते, बर्फाची,
ती दगडावर करकरते, झोपेत कोणी दात खावेत तशी.
इथे मी मोठ्याने बोलते.
तिन्ही वेळा बोलले.
काय, ते सांगणार नाही.

वर फणसवाडीच्या झऱ्याशी
बुधी बसलेली, नऊ-दहा वर्षांची असेल,
खडकातल्या खळग्यातून वाटीवाटीने
हंडा भरत.
तिने माझ्या सॅककडे बघितलं,
मग माझ्यामागच्या ओल्या ठिपक्यांकडे.
"सांडत आलीस?"
"हो."
"सगळं?"

मी पोतं उलटं केलं.
बारा किलोतलं लिंबाएवढं निघालं,
कडा गेलेलं, सुकटीच्या वासाचं.
नको म्हणेपर्यंत तिने ते गालाला लावलं,
मग दुसऱ्या गालाला,
मग डोळे मिटून तोंडात.
"खारं हाय," म्हणाली,
पण थुंकली नाही.

घड्याळ बघितलं. नऊ वाजून सात.
तिकडे असते तर
या सात मिनिटांत कंबरेपर्यंत रुतले असते.
बुधीने वाटी पुढे केली.
"तू भर थोडं. माझा हात गारठला."

खळग्यात पाणी साचायची वाट बघत
मी बसले.