लोढणं

पहिल्यांदा आम्ही हसलोच.
वडांगळीच्या शिवारात, आव्हाडांच्या
कांदा निघालेल्या वावरात मेंढरं बसवली होती,
रात्रीला दोन पायल्या बाजरीवर.
एक कोकरू उगाच उधळलं
आणि काजव्या त्याच्या मागे.
धाकटा टाळ्या पिटत ओरडला, शिवाशिवी खेळतोय!

काजव्या चार वर्षांचा.
बॅटरी मारली की दोन हिरवे ठिपके पेटतात, म्हणून हे नाव.
डावा कान अर्धा.
उरलेला अर्धा देवनदीकाठच्या उसात, बिबट्याकडे.
त्या रात्री एकही मेंढरू गेलं नव्हतं.
सकाळी सासऱ्यांनी आपल्या ताटातली भाकर मोडून
आधी त्याला घातली होती.

दुसऱ्यांदा कोणी हसलं नाही.
तिसऱ्यांदा त्याच्या दातांत लोकर होती.
मग आव्हाडांची गाभण शेळी
एक पाय उचलून घरी गेली
आणि बाजरीचं माप थांबलं.

जो तो शहाणा झाला.
रक्त लागलं तोंडाला, आता संपलं, म्हणाला दूधवाला.
गुळातून काहीतरी देणाऱ्या माणसाचा
नंबरही निघाला कोणाच्या तरी मोबाइलमध्ये.
नणंदेचा नवरा म्हणे, पिकअपमध्ये टाकू,
शिंद्याच्या टोलनाक्यापलीकडे सोडू,
नाशकात कुत्र्याला काय कमी?
थोरले दीर म्हणे, एडक्याशी जखडा दोन दिवस,
शिंगांनी अक्कल येते.

सासरे तंबाखू मळत ऐकत होते.
त्यांनी एवढंच विचारलं:
याला पळायला शिकवलं कोणी?
राखणीचं कुत्रं ते. बसून राहणारं.

कोणी बोललं नाही.
मी चुलीत काटक्या सारल्या.

गुडघा धरल्यापासून मीच म्हणायचे त्याला, छू.
द्राक्षबागेच्या कुंपणाकडे वळलेली मेंढी
तो एका झेपेत माघारी आणायचा.
माझ्या वीस फेऱ्या वाचायच्या.
वळवणं कुठे संपतं आणि पाठलाग कुठे सुरू होतो
हे मी त्याला सांगितलं नव्हतं.
मलाही कुठे ठाऊक होतं?

सासऱ्यांनी बाभळीचा हातभर ओंडका तासला,
दोरीने गळ्यात अडकवला, पुढच्या पायांच्या मध्ये.
चालला तर चालू देतो,
धावला की नडगीवर टोला.
लोढणं.
माहेरी हा शब्द
आम्हा बहिणींसाठी राखून ठेवलेला होता.

पहिले दिवस नुसतं टक टक टक,
आणि मध्येच एक केकाटणं.
कोकरं आधी बिचकली,
मग त्याच ओंडक्याला अंग घासू लागली.

अंधार पडला की मात्र काढायचं.
बिबट्यापुढे लोढण्यातला कुत्रा
म्हणजे वाढलेलं ताट.
काढण्याचं काम माझ्याकडे आलं,
सकाळी घालण्याचंही.
दिवसा चोर, रात्री राखणदार,
मधली गाठ माझ्या बोटांत.

अकराव्या सकाळी मी हाक मारायच्या आत
तो आपण होऊन आला
आणि मान खाली घालून उभा राहिला.
पळून गेला असता तर बरं, असं वाटलं मला.
गाठ नीट बसेना.

काल अवस होती.
लोढणं चुलीपाशी, तो वाघरीच्या तोंडाशी.
आतलं एक कोकरू, कशाने कोण जाणे, जाळीखालून निसटलं
आणि ढेकळांतून सुटलं थेट उसाकडे.
काजव्या उठला.
दीड कान ताठ.
पुढचा पाय उचलला त्याने, उंच,
जसा काही ओंडका अजून मध्ये आहे,
आणि तसाच धरला.

माझा गुडघा, ते वावर, तो ऊस.
छू जिभेवर आलं होतं.

मी बॅटरी मारली.
ते दोन हिरवे ठिपके
कोकराकडे नव्हते,
माझ्याकडे होते.