पुढची दुरुस्ती

इंजिनाचा फोटो होनपांनी कधी काढला नाही.
"त्याला सगळेच बघतात," म्हणायचे,
आणि घोरपडीच्या यार्डात
रिकाम्या डब्यासमोर उभे राहायचे
खिडक्यांच्या गजांवर ऊन तिरपं येईपर्यंत.

त्रैमासिकाचं नाव 'डबा'.
वर्गणीदार एकशे बारा.
दर दिवाळीला कुणीतरी बाई चुकून
कोबीच्या वड्यांची कृती पाठवायची.
होनप ती साभार परत करताना
सोबत एक अंक जोडायचे.
दोघी तर वर्गणीदार झाल्या.

मी मुद्रितं तपासायचो, नारायण पेठेत.
मी 'तांबडा' ठेवला की ते खोडून लिहायचे:
'विटकरी, दोन पावसाळे झालेला.'
डब्याच्या टोकाला बारीक अक्षरांत तारीख असते,
दुरुस्ती कधी झाली, पुन्हा कधी.
ती आधी वाचायचे,
मग कॅमेऱ्याचं झाकण काढायचे.

त्यांच्या फोटोंत माणूस नाही.
एकात फक्त हात आहे,
खिडकीतून चहाचा रिकामा कप परत देणारा,
मनगटावर घड्याळाचा फिकट वण.
मागे पेन्सिलीनं: 'चुकून. छापू नये.'
तरी सतरा वर्षं
बटरपेपरात गुंडाळून ठेवलेला.

शेवटचा अंक मी काढला.
तो फोटो घेतला नाही.
संपादकाचं ऐकायची सवय.

परवा घोरपडीच्या फाटकात गाडी हळू झाली.
सगळ्यांनी स्कूटर बंद केल्या,
मी मान वाकडी करून डब्यांची टोकं वाचत राहिलो.
एकाची तारीख उलटून गेली होती,
चार महिने.

कळवायचं कुणाला?