बरं म्हणजे बरं

म्हसरूळच्या नाक्यावर माझी खानावळ.
पाटीवरचा बोकड पेंटरने
का कोण जाणे, हसरा काढलाय.
एकोणीस वर्षं मी त्याच्याखाली उभा राहून
काळा रस्सा ढवळतो.

चौथ्या इंजेक्शननंतर मंदाला
माझ्या शर्टाचा वास सोसेना.
रात्री दार वाजलं की ती भिंतीकडे वळायची.
बोलायची काही नाही.
मी आधी साबण बदलला.
मग शर्ट दुकानातच बदलून यायला लागलो.
मग एका मंगळवारी, चतुर्थी नाही, एकादशी नाही,
श्रावण तर केव्हाच सरलेला,
म्हटलं, सोडून बघू.

मोतीरामला वाटलं, मालकांनी माळ घातली.
गिऱ्हाइकांना वाटलं, साखर निघाली.
मेहुणा म्हणाला, "दाजी, बोकडांना कळवलं का?"

पहिल्या दिवशी मेथी.
दुसऱ्या दिवशी गिलकं.
तिसऱ्या दिवशी परत गिलकं,
कारण भाजी घ्यायलाच येत नव्हतं मला.
गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात
मी वांगं दाबत उभा,
मांडीवर बोट टेकवून जनावराचं वय सांगणारा माणूस,
आणि मखमलाबादची म्हातारी माझ्यावर खेकसते,
"देठ बघ बाबा, देठ! बोटं काय घालतो?"

भूक लागायची ती वेगळीच.
पोट भरलेलं आणि दात उपाशी.
त्यांना ओढायला काहीतरी हवं असायचं,
चोखायला एखादी नळी.
शेवग्याच्या शेंगेने एकदा थोडं भागवलं.
एका रात्री दोन वाजता ओट्याशी उभा राहून
मूठमूठ शेंगदाणे खाल्ले.
मंदाने आतून विचारलं, "उंदीर आहे का?"
मी म्हटलं, "हो."

खरी पंचाईत दुकानात.
पातेलं उतरवायच्या आधी तळहातावर थेंब घ्यायचा
आणि जीभ लावायची, एवढंच माझं शिक्षण.
आता तो थेंब तळहातावरच थंड व्हायचा.
मोतीरामला पुढे केलं. पेठकडचं पोर,
डोळे मिटून चाटायचा आणि म्हणायचा, "बरं आहे."
बरं म्हणजे काय रे? कमी का जास्त?
"बरं म्हणजे बरं."
दोन रविवार रस्सा खारट गेला.
तिसऱ्या रविवारी मी उकळीला कान लावला
आणि सांगितलं, अजून चिमूटभर टाक.
तो बघतच राहिला.
उकळीत काही नव्हतं. मी त्याच्या
भुवया वाचायला शिकलो होतो.

घरी डुबुकवडे केले.
खोबरं कमी भाजलं, लवंग गाळली, खिडक्या उघड्या.
बेसनाचा गोळा रश्श्यात पडताना
डुबुक असा आवाज होतो, म्हणून ते नाव,
हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं.
मंदाने अर्धी भाकरी खाल्ली.
पाच आठवड्यांनी, अर्धी.
मी रश्श्याकडेच बघत राहिलो,
भाकरी मोजत नव्हतो असं दिसावं म्हणून.

पुढे सवय झाली, असं सांगितलं तर खोटं होईल.
फक्त बुधवार आठवणीत राहायला लागला.
म्हातारी चाकवताची जुडी बाजूला काढून ठेवायची
आणि पैसे घेताना विचारायची, "तिची तब्येत?"
मी तिला कधीच काही सांगितलं नव्हतं.

माघात मंदाच्या डोक्यावर
गव्हाच्या कोंबाएवढे केस आले.
एका शनिवारी ती आरशासमोरून न वळता म्हणाली,
"उद्या थोडं आण. कलेजी.
पांढऱ्या पातेल्यात कर, माझ्या हातच्यासारखी."

दारात उभं राहून मी चप्पल शोधत होतो,
पायात असलेली.

रविवारी घरभर तो वास, आणि ती भिंतीकडे नाही,
चुलीकडे तोंड करून बसलेली.
सवयीने थेंब तळहातावर घेतला, आणि थांबलो.
हात तिच्यापुढे धरला.
तिने मनगट पकडून जीभ लावली,
क्षणभर डोळे मिटले.
"बरं आहे," म्हणाली.

बरं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.
तिने दोनदा वाढून घेतलं.
माझ्या ताटात गिलकं.
जून निघालं.