पेव

हरिपूरच्या रिकाम्या पेवात
वडिलांनी मला दोनदा सोडलं होतं.
वर परातीएवढं आभाळ. मग झाकण.
हळदीचा वास अजून नाकात आहे.

चाळीस वर्षं झाली,
लाईट गेली की बायकोला हाका मारतो.
याला काही कारण असतं, हेच माहीत नव्हतं.

सोमवारी संगमेश्वराच्या मंडपात भजन.
मला गळा नाही, म्हणून टाळ दिला.
शिवगोंडा तात्या पेटी पुसत म्हणाले,
चुकलास तर चालतंय. थांबू नको.

एकदा अभंग संपला
आणि माझ्या तोंडून नुसतं ‘पेव’ आलं.
पखवाजावरचा हात तसाच राहिला.
कुणी विचारलं नाही, कधी, कुणी.

तात्यांनी हमालीत जन्म काढलेला.
म्हणाले, उघडलं की लगेच उतरायचं नसतं, बाबा.
दिवसभर वारं खाऊ द्यायचं.
मग कंदील सोडायचा.
विझला तर वर घ्यायचा, उद्या बघायचं.
आणि कमरेचा दोर वर चौघांनी धरायचा.

वडिलांना माफ केलं का,
ते देवालाही सांगितलेलं नाही.

पुढच्या सोमवारी दोन वाक्यांवर विझलो.
कुसुमवहिनींनी चहा पुढं केला.
टाळ उचलला, चुकलो,
कमरेला काहीतरी ताणलेलं लागत होतं.